नावे-जमा

हिशेबाची वही अशी आमच्या घरात कधी नव्हती. दुधाच्या रेघा चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या, सालगड्याची उचल देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवर, आणि बाकीचं सगळं डोक्यात. माझ्या वडिलांचा हिशेब सावकाराच्या चोपडीत असायचा. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता तव्हाची ती गोष्ट. चोपडी त्याची, शाई त्याची, अंगठा तेवढा आमचा. पुढं निजाम गेला, सावकार गेला, मोंढा आला, आडत आली. मी दहावीपर्यंत शिकलो, अंगठ्याच्या जागी सही करायला लागलो, पण चोपडी दुसऱ्याचीच राहिली. माझे किती कट्टे आले, मी किती उचल घेतली, हे लातूरच्या मुनिमाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायचं. त्यात काही वावगं आहे असं मला कव्हा वाटलं नाही. वाटायला लागलं ते आमचं शेंडेफळ एम.कॉम.ला गेल्यावर.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, लातूर-नांदेड रस्त्यापासून थोडं आत. लातूर म्हटलं की लोकांना लातूर पॅटर्न आठवतो. दहावीला बरे मार्क पडले की लेकराला सायन्सला टाकायचं, डॉक्टर करायचं, त्यासाठी एकर-दोन एकर विकायची वेळ आली तरी चालेल, अशी आमच्याकडं रीतच पडून गेली आहे. पोरीनं दहावीला ७८ टक्के घेतले आणि कॉमर्सला जाते म्हणाली. भावकीतला एकेक माणूस मला वाटेत गाठून विचारायचा, "कामून? काय कमी पडलं?" मला तरी कुठं ठाऊक होतं! पुढं कधीतरी तिनं सांगितलं. सहावी-सातवीत असताना ती एकदा माझ्याबरोबर मोंढ्यात आली होती. मुनीम गादीवर पेटीमागं बसून, मान वर न करता आकडे बोलत होता आणि माझ्यासारखी पन्नाशीतली माणसं पुढं उभी होती. "मला तव्हाच वाटलं दादा, आपण पेटीच्या पलीकडं बसायचं," ती म्हणाली.

बी.कॉम. लातूरला केलं. त्यातलं निम्मं कोरोनानं खाल्लं. रेंज मिळावी म्हणून पोरगी मोबाईल घेऊन माळवदावर बसायची, आणि खालून तिची माय ओरडायची की ऊन लागंल. २०२२ साली ती नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.कॉम.ला लागली. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. त्याच्या आधी आमच्या पोरांना सगळ्या कामाला औरंगाबादच्या विद्यापीठाकडं तोंड करावं लागायचं. दिवसही मुक्तिसंग्रामाचा धरला आणि नावही त्या संग्रामाच्या पुढाऱ्याचं दिलं. विष्णुपुरीला मोठं आवार आहे, जवळच गोदावरीवरचं धरण. आमच्या फाट्यावरून एसटीत बसलं की माळेगाव, लोहा करत विद्यापीठाच्या दारात उतरता येतं. तिला सोडायला गेलो तव्हा मी त्या आवारात नुसता उभा राहिलो. एवढी जागा आणि एकही पीक नाही, हा पहिला विचार आला. आता खोटं कशाला सांगू.

पहिले सहा महिने तिचे लई वाईट गेले. पोरगी मराठी शाळेतून गेलेली. बी.कॉम.ला कसंबसं निभावलं होतं, इथं सगळं इंग्रजीत आणि भराभरा. वर्गात नांदेडच्या व्यापाऱ्यांची पोरं. काही जण सी.ए.ची परीक्षा देत देत एम.कॉम. करणारी. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी रोकड मोजली जाते, वही लिहिली जाते. त्यांना शब्द ऐकूनच ठाऊक. हिला आधी शब्द, मग अर्थ, मग गणित, असं तीनदा चालावं लागायचं. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला. दिवाळीनंतर परत जाताना तिनं बॅग भरली ती दोनदा उपसली. तिची माय मला खुणेनं म्हणाली, काही बोलू नका. मी बोललो नाही.

मग तिनं एक युक्ती काढली. सुट्टीत घरी आली की रात्री जेवणं झाल्यावर आम्हा दोघांना समोर बसवायची आणि जे शिकली ते मराठीत सांगायची. आम्हाला कळलं तर आपल्याला कळलं, असं तिचं गणित. बायकोला लिहिता-वाचता येत नाही, मी दहावी, असा तिचा वर्ग. त्या वर्गात मी थोडंफार एम.कॉम. केलं असं म्हणायला हरकत नाही.

पहिला धडा नावे-जमेचा. लाभ घेणारा नावे, लाभ देणारा जमा. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, कारण कुणीतरी दिल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही. ही पद्धत छापून सांगणारं पहिलं पुस्तक १४९४ साली इटलीतल्या व्हेनिसला निघालं आणि ते लुका पॅचोली नावाच्या एका संन्याशानं लिहिलं, असं तिनं सांगितलं. त्यावर तिची माय म्हणाली, "संन्याशाला कशाला लागतो हिशेब?" त्याचं उत्तर पोरीला देता आलं नाही. मला वाटतं, तिच्या सरांनाही आलं नसतं.

घसाऱ्याचा धडा मला चांगला आठवतो. वापरून वापरून वस्तूची किंमत दरवर्षी कमी होते, ती कमी खर्चात धरायची. ट्रॅक्टरचा घसारा, मोटारीचा घसारा. मी विचारलं, "मग बैलाचा?" ती म्हणाली की जनावरं-झाडं म्हणजे जैविक मालमत्ता, कंपन्यांना त्यांचा वेगळा नियम आहे. जितराबाची आज बाजारात विकून काय किंमत येईल, ती दरसाल लिहायची. आमचा थोरला बैल तव्हा चौदा वर्षांचा. माळेगावच्या यात्रेतून आणलेला. बाजारात कुणी फुकट नेला नसता. म्हणजे तुझ्या वहीत ह्याची किंमत शून्य का, मी विचारलं. ती थोडा वेळ गप बसली आणि म्हणाली, "वहीत शून्यच." त्या बैलानं तीन दिवस आधीच एक एकर कोळपलं होतं.

पुढच्या वर्षी वर्गात एकदा सरांनी विचारलं म्हणं, कुणाकुणाच्या घरी हिशेब ठेवतात? व्यापाऱ्यांच्या पोरांनी हात वर केले. शेतकऱ्यांच्या पोरांचे हात खाली. सर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की ह्याचं एक कारण कायद्यात आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, तव्हाच्या आयकर कायद्यात त्याचं कलम होतं १०(१). ज्याच्यावर कर नाही त्याला वही कुणी मागत नाही, आणि मागितल्याशिवाय वही लिहिणारा माणूस विरळा. हे मला तंतोतंत पटलं. करमाफी चांगलीच, तिच्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्या सवलतीच्या मागं आपलं किती जातं आणि किती येतं हे बघायचंच आमचं राहून गेलं.

शेवटच्या सेमिस्टरला प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी बँका घेतल्या, पतसंस्था घेतल्या, जीएसटी घेतला. हिनं घेतलं सोयाबीन. आमच्या गावातल्या काही शेतकऱ्यांचा २०२३ च्या खरिपाचा उत्पादन खर्च काढायचा आणि सुरुवात मपल्या घरापासून करायची. २०२४ चा जानेवारी संपत आला होता. ती आठ दिवस घरी राहिली. येताना एक जाड वही आणली होती, लाल कापडी पुठ्ठ्याची.

तो खरीप कसला होता ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. ऑगस्ट महिना सबंध कोरडा गेला. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता असं हवामान खात्यानं सांगितलं. शेंगा भरायच्या वेळी पाऊस नाही म्हटल्यावर उतारा काय येणार! चार एकरांत २२ क्विंटल झालं. भाव ४,४५० लागला. ९७,९०० रुपये आले.

"आता खर्च सांगा," ती म्हणाली.

मी बोटावर सांगत गेलो. नांगरणी-मोगडणी, ट्रॅक्टरचे १२,००० रुपये. खताचे १०,४००. पेरणीचे ४,०००. तणनाशक आणि तीन फवारण्या, १४,०००. खुरपणीच्या बायांचे ५,०००. काढणी गुत्त्यानं दिली होती, ३,८०० रुपये एकर, ती १५,२००. रास करायचे ५,५००. टेम्पो, हमाली, तोलाई मिळून ३,०००. बेरीज झाली ६९,१००. म्हणजे २८,८०० सुटले. दुष्काळाच्या सालात अठ्ठावीस हजार सुटले म्हणजे वाईट नाही, असं म्हणून मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "बियाणं?"

"घरचं व्हतं की. त्याचे कुठले पैसे?"

"पेरलं नसतं तर विकलं असतं का न्हाई?"

६,००० रुपये तिनं बियाण्याचे लिहिले. मग विचारलं, "तुमचे दिवस किती?" मला प्रश्नच कळला नाही. सोयाबीनमागं मी स्वतः किती दिवस राबलो, हे तिला पाहिजे होतं. आपल्याच रानात राबायचे दिवस कुणी मोजतं का? पण ती सोडीना. पेरणीचे इतके, कोळपणीचे इतके, फवारणीचे इतके, राशीवर राखणीचे इतके, असे करत ४६ दिवस निघाले. गड्याची रोजी ४०० प्रमाणं १८,४०० झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घामाला कुणी भाव लावला होता, आणि लावला तो लेकीनं. बरं वाटलं का वाईट, हे मला तव्हाही सांगता आलं नसतं.

बायको भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आन् मपले?"

"तुजे ३८ दिवस, माय. अडीचशेनं साडेनऊ हजार."

"ह्यांचे कितीनं धरलेस?"

"चारशेनं."

"कामून?"

पोरगी गडबडली. "गावात बाईची रोजी तेवढीच हाय ना माय. चालू दर धरावा लागतो. पुस्तकात तसंच हाय."

"पुस्तक ऱ्हाऊ दे. ह्यांनी माझ्याबरोबर खुरपणीला एक पात धरून बगावी. मी बांधाला जाऊन परत येती तवर हे अर्ध्यात बिडी पेटीवतेत."

बिडी मी दहा वर्षांपूर्वी सोडली, पण बाकीचं खोटं नव्हतं. पोरीनं हळूच सांगितलं की तुझी रोजी चारशे धरली तर खर्च ५,७०० नं वाढतो आणि तोटा वाढतो. तिची माय म्हणाली, "वाढू दे. तोटा व्हतो म्हणून माजी रोजी कमी का?"

मग तिनं दोन्ही आकडे लिहिले. चालू दरानं खर्च १,०३,००० आणि तोटा ५,१००. मायच्या दरानं खर्च १,०८,७०० आणि तोटा १०,८००. त्यात जमिनीचं काही धरलेलं नव्हतं. हीच चार एकर दुसऱ्याला कसायला दिली असती तर खरिपाचे वीसएक हजार बसून मिळाले असते, ते धरले तर बोलायलाच नको. मी म्हणत होतो अठ्ठावीस हजार सुटले. पैसे सुटले होते हे खरंच. फक्त ते आमचीच मजुरी, आमचंच बियाणं होतं, आणि ती सगळी मजुरीही सुटली नव्हती.

सरकारही असाच हिशेब मांडतं, हे मला तव्हा कळलं. दिल्लीचा कृषी मूल्य आयोग तीन पायऱ्यांनी खर्च काढतो. पहिली पायरी खिशातून गेलेल्या पैशाची. तिच्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की दुसरी. घरच्या जमिनीचा खंड आणि घातलेल्या भांडवलाचं व्याज मिळवलं की तिसरी. डॉ. स्वामिनाथन यांच्या आयोगानं खर्चावर निदान ५० टक्के वर द्या म्हणून सांगितलं होतं. सरकार दीडपट देतो म्हणतं, पण ती दीडपट दुसऱ्या पायरीवर धरलेली असते. शेतकरी संघटना तिसऱ्या पायरीवर मागतात. इतकी वर्षं मी मोर्च्यात 'दीडपट' म्हणून ओरडलो, पण कशाच्या दीडपट हे पोरीनं सांगितल्यावर कळलं. २०२३-२४ ला सोयाबीनचा दुसऱ्या पायरीचा खर्च आयोगानं धरला होता क्विंटलला ३,०२९ रुपये आणि हमीभाव होता ४,६००. माझा त्याच पायरीचा खर्च आला ४,६८२. मी म्हणालो, सरकार खोटं लिहितं. ती म्हणाली, खोटं नाही, सरासरी आहे, सगळ्या देशाची. आपल्याला एकरी साडेपाच क्विंटल झालं, तेच नऊ-दहा झालं असतं तर आपलाही आकडा तिथंच आसपास गेला असता. म्हणजे दोष त्या कोरड्या ऑगस्टचा. पण सरासरीत आमचा ऑगस्ट कुठं दिसत नाही, ही माझी तक्रार अजून आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं पावत्या मागितल्या. सरांचा दंडक होता, तोंडी आकडा चालणार नाही, कागद पाहिजे. खताच्या पावत्या पिशवीत होत्या त्या दिल्या. मोंढ्याची पट्टी मात्र मी द्यायची टाळत होतो. उद्या शोधतो, कपाटात असंल, असं दोन दिवस केलं. शेवटी तिनंच शोधून काढली. वर वजन २२ क्विंटल, भाव ४,४५०, रक्कम ९७,९००, त्याखाली हमाली-टेम्पो ३,०००, आणि त्याच्या खाली कागद फाटलेला.

"पट्टी खालून फाटली कशी, दादा?"

"उंदरानं खाल्ली असंल."

"उंदीर पट्टी लावून सरळ खातो का?"

मी काही बोललो नाही. ती उठली आणि बँकेचं पासबुक घेऊन आली. त्यात आडतीवरून आलेले जमा होते ४८,५००. तिनं वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली, मला दिसेल अशी. ४६,४०० रुपयांचा ताळा लागत नव्हता.

मी गोठ्यात गेलो. बैलाला वैरण टाकून झाली होती, तरी परत टाकली. ती मागोमाग आली. हातात बॅटरी होती, ती तिनं लावली नाही.

"अजून किती हाय?" ती म्हणाली. "कुणाकुणाचं हाय? एकदाच सगळं सांगा."

तो आवाज हिशेब विचारणाऱ्या पोरीचा नव्हता. तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचे वडील आदल्या वर्षी गेले होते. कसे गेले हे आमच्या मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्यावर कर्ज किती होतं ते घरच्यांना दहाव्याला कळलं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी पट्टी फाडली होती. अंधारात उभं राहून तिला काय वाटत असेल, हे पट्टी फाडताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी सांगितलं. आडतीवरून जून २०२३ मध्ये ४०,००० उचल घेतली, दोन रुपये शेकड्यानं. आठ महिन्यांचं व्याज ६,४००. बाकी कुणाचं काही नाही. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं, तव्हा तिनं बॅटरी लावली.

त्या चाळीस हजारांतून तिची दुसऱ्या वर्षाची फी गेली होती, खोलीचं आणि खानावळीचं भाडं गेलं होतं, आणि टॅली शिकायला एक जुना लॅपटॉप घेतला होता. तिला मी सांगितलं होतं की तुरीला दहा हजार भाव लागला, त्यातून दिले. भाव लागला होता हे खरं होतं. घरात तूर नव्हती एवढंच. आमच्या तुरीवर मर पडला होता. ती बिचारी नांदेडहून येताना, १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, तर त्या वाचलेल्या पैशांचासुद्धा हिशेब सांगायची. आणि मी इकडं महिन्याला आठशे रुपये व्याज मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी वही उघडून बसली आणि म्हणाली, "हे ६,४०० व्याज कुठं लिहायचं?"

"सोयाबीनच्या नावे टाक."

"सोयाबीननं घेतले का पैसे?"

"टाक ना, बाई. पेरणीच्या टायमालाच घेतले व्हते. कोण बगतंय?"

"मी बगायलाव की," ती म्हणाली. "घेणारा नावे. घेतले मी. माझ्या नावे पडतील."

मला राग आला. आमच्याकडं कुणाच्या नावे लिहिणं म्हणजे त्याच्या डोक्यावर कर्ज चढवणं. लेकीच्या नावे बाप कर्ज लिहितो का? शिकवलं ते काही उसनं दिलं नव्हतं. दोन थोरल्या लेकींची लग्नं केली, त्यांची वही केली नाही. पोराला पुण्याला कंपनीत लागेपर्यंत पोसलं, त्याची केली नाही. मी तसं बोललो, जरा मोठ्यानंच. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "फेडायचं म्हणून लिहीत न्हाई, दादा. कुठं गेले ते दिसावं म्हणून लिहायलाव. सोयाबीनवर टाकलं तर मी कुठंच दिसत न्हाई." त्या रात्री मी जेवलो नाही. खरं म्हणजे भूक होती.

प्रकल्पात तिनं ते व्याज धरलं नाही, कारण ते पिकाचं नव्हतं. पण लाल वहीत एक पान उघडलं, वर स्वतःचं नाव घातलं आणि ४६,४०० लिहिले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, एकाच घरात बाईच्या मजुरीचे दोन दर का? तिनं सगळी हकिगत सांगितली. किती गुण पडले ते तिनं मला सांगितलं होतं, मी विसरलो. पास झाली, आधी राहिलेला विषयही निघाला, एवढं लक्षात आहे.

आणखी एक काम तिनं माझ्याकडून करून घेतलं. दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला २४ टक्के. हे मला येत नव्हतं असं नाही, पण महिन्याचे आठशे म्हटलं की ते लहान वाटतं. दुसरीकडं आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजच लागत नाही. मग बँक सोडून आडत कामून? मला नीट सांगता आलं नाही. बँकेत दिवस मोडतो, तलाठ्याकडं सातबारा आणि आठ-अ साठी चकरा होतात, साहेब जागेवर नसतो, आणि आडत्या हात वर केला की पेटी उघडतो. शिवाय तो चहा पाजतो. चहाचा उल्लेख मी उगाच केला, तो तिनं धरून ठेवला. अजूनही कुणी पाहुणा आला की म्हणते, "आमचे दादा चोवीस टक्क्यांचा चहा पितेत." जून २०२४ ला तीन चकरा मारून पीककर्ज घेतलं.

आता ती लातूरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात आहे. नऊ हजार पगार. दुकानदारांची विवरणपत्रं भरते, संध्याकाळी सेटच्या परीक्षेचा अभ्यास करते. एम.कॉम. होऊन नऊ हजार, असं भावकी म्हणते. मी ऐकून घेतो, कारण ते मलाही वाटतं. काढणीला आलेल्या बाईला आमच्याकडं गुत्त्यात दिवसाला पाचशे सुटतात, हे तिलाही ठाऊक आहे. पहिल्या पगारातून तिनं दोन हजार आणून वहीत ठेवले आणि आपल्या पानावर जमा बाजूला लिहिले. मी ते उचलले नाहीत. आठ दिवस नोटा तशाच वहीत होत्या. मग खताच्या टायमाला उचलले.

२०२४ चं सोयाबीन बरं झालं होतं, पण भाव मेला. हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात मला मिळाले ४,१००. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायचं तर माल ठेवायला घरात कोरडी जागा नव्हती आणि काढणीचे पैसे द्यायचे होते. ह्या वेळची पट्टी मी सबंध आणली, घडी न घालता.

पाडव्याला आमच्याकडं सालगड्याचं साल संपतं, हिशेब होतो आणि नवं साल ठरतं. २०२५ च्या पाडव्याला ती लातूरहून आली आणि गुढी उभारून झाल्यावर वही काढली. ह्या वर्षी दिवस तोंडी सांगायचे नव्हते. तिच्या मायला लिहिता येत नाही, म्हणून तिनं वर्षभर कॅलेंडरवर स्वतःच्या दिवसांना कुंकवाचं बोट लावलं होतं. माझ्या दिवसांवर मी पेनानं फुली मारत होतो, पण मधले बरेच राहून गेले. पोरीनं कॅलेंडरची पानं एकेक उलटून मोजली. सोयाबीनच्या कामाची बोटं ५१ निघाली. फुल्या ४४.

"दर कुठला धरू?" तिनं विचारलं.

चुलीपासून आवाज आला, "सांगितलाय की मी एकदा."